सांडपाणी संस्करण, ग्रामीण नगरांतील

घरगुती वापरानंतर बाहेर पडणारे अशुद्ध पाणी एकत्र करून त्यातील गाळ, सेंद्रिय द्रव्ये व रोगकारक सूक्ष्मजीव यांचे प्रमाण निरुपद्रवी मर्यादेपर्यंत घटविणे आणि ते पाणी जमीन, शेती वा नदी यांना परत देणे, या क्रियांच्या मालिकेस सांडपाणी संस्करण म्हणतात. मोठ्या शहरांत हे काम भुयारी गटारे, उपसा केंद्रे व यांत्रिक संस्करण केंद्रे यांच्या द्वारे केले जाते. ग्रामपंचायतीच्या कारभाराखालील लहान नगरांत परिस्थिती वेगळी असते. तेथे पाण्याचा दरडोई वापर कमी असतो, वीज अखंड नसते आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ व पैसा यांची चणचण असते. उलट मोकळी जमीन उपलब्ध होण्याचा संभव असतो आणि संस्कारित पाणी घेणारी शेती वस्तीला लागूनच असते. त्यामुळे शहरी केंद्राची लहान प्रतिकृती उभारल्याने अशा नगरांचा प्रश्न सहसा सुटत नाही. पाणी जेथे निर्माण होते तेथेच, ग्रामपंचायतीला पेलतील अशा साधनांनी ते शुद्ध करणे हे ग्रामीण संस्करणाचे मुख्य सूत्र आहे. पुणे जिल्ह्यातील केडगाव (ता. दौंड) व त्याच्या आसपासचा भीमा खोऱ्याचा भाग या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दाखविणारे चांगले उदाहरण आहे.

इतिहास : नळयोजना येण्यापूर्वी महाराष्ट्रातील खेड्यांत पाणी आडातून वा नदीवरून डोक्यावर आणले जाई; त्यामुळे सांडपाणी थोडेच असे. न्हाणीचे व मोरीचे पाणी परसात सोडून त्यावर केळी, अळू व कर्दळ लावण्याची चाल होती. मुळे आणि मातीतील सूक्ष्मजीव यांच्याकडून पाणी निवळून जाई. ही व्यवस्था आजच्या काही संस्करण पद्धतींची पूर्वपीठिका म्हणता येईल.

यूरोपात औद्योगिक क्रांतीनंतर शहरांतील मैला नद्यांत सोडला जाऊ लागला व त्याचे दुष्परिणाम तीव्रतेने जाणवू लागले. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीच्या असह्य दुर्गंधीमुळे लंडनमध्ये पार्लमेंटचे काम चालविणेही कठीण झाले आणि त्यानंतर तेथे मोठ्या गटारांची योजना हाती घेण्यात आली. १९१४ मध्ये मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा खेळवून सूक्ष्मजीवयुक्त गाळ पुन्हापुन्हा वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. जगातील बहुसंख्य शहरी केंद्रे आजही याच तत्त्वावर चालतात. मैल्यापासून ज्वलनशील वायू मिळविण्याचा एक आरंभीचा प्रयोग मुंबईत माटुंगा येथील महारोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्ये झाला.

महाराष्ट्रातील ग्रामीण सफाईच्या कार्यात अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. मैला हे खत आहे व त्याची हाताळणी हे एखाद्या जातीचे प्राक्तन असू नये, या भूमिकेतून त्यांनी १९४८ मध्ये कणकवली येथे स्थापिलेल्या गोपुरी आश्रमात सोप्या शौचकूपांचे व खताचे प्रयोग केले. पुणे जिल्ह्यात देहू येथे डॉ. मापुसकर यांनी अनेक दशके काम करून शौचकूपाला बायोगॅस संयंत्राची जोड देणारी पद्धत रूढ केली. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री हा किताब देण्यात आला. राज्यात २०००–०१ पासून सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानामुळे गटारे, शोषखड्डे व परसबागा हे विषय ग्रामसभांपर्यंत पोहोचले.

सांडपाण्याचे घटक व मापन : घरगुती सांडपाण्यात वजनाने सु. ९९·९ टक्के पाणीच असते. उरलेल्या अत्यल्प भागात अन्नकण, तेलकट द्रव्ये, साबण, क्षार, मलमूत्र आणि असंख्य सूक्ष्मजीव असतात व सर्व उपद्रव याच भागामुळे होतो. सेंद्रिय द्रव्ये कुजताना सूक्ष्मजीव पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. ठराविक तापमानास व ठराविक मुदतीत होणाऱ्या या खर्चास जैव ऑक्सिजन मागणी (जै. ऑ. मा.) म्हणतात. ती मोजण्यासाठी नमुना पूर्वी २०° से. तापमानास पाच दिवस ठेवीत. भारतातील उष्ण हवामानास अनुसरून आता २७° से. व तीन दिवस हे मान वापरतात. स्वच्छ नदीच्या एक लिटर पाण्यात सु. ८ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळलेला असतो आणि तो ४ मिग्रॅ.च्या खाली गेल्यास बहुतेक मासे तग धरू शकत नाहीत. असंस्कारित सांडपाण्याची जै. ऑ. मा. सामान्यतः लिटरला २०० ते ३०० मिग्रॅ. असते. त्यामुळे उन्हाळ्यात आटलेल्या ओढ्यात थोडे सांडपाणी मिसळले, तरी ओढा निर्जीव होतो.

पर्यावरण (संरक्षण) अधिनियमान्वये १९८६ मध्ये केलेल्या नियमांतील सर्वसाधारण मानकांनुसार नदीत वा इतर अंतर्गत जलाशयात सोडावयाच्या पाण्याची जै. ऑ. मा. लिटरला ३० मिग्रॅ.पेक्षा अधिक असू नये. सिंचनासाठी जमिनीवर सोडावयाच्या पाण्यास ही मर्यादा १०० मिग्रॅ. आहे. जमीन स्वतः संस्करणाचा शेवटचा टप्पा पार पाडते, हे या फरकामागील कारण होय.

सूक्ष्मजीवांचा धोका जै. ऑ. मा.वरून कळत नाही. पटकी, विषमज्वर, आमांश, कावीळ या रोगांचे कारक आणि जंत व अंकुशकृमी यांची अंडी मैलायुक्त पाण्यातून पसरतात. साचलेल्या घाण पाण्यात क्यूलेक्स जातीचे डास वाढतात व त्यांपैकी काही हत्तीरोगाचा प्रसार करतात. नायट्रोजनयुक्त द्रव्ये जमिनीत झिरपून त्यांची नायट्रेटे बनतात. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटाचे प्रमाण लिटरला ४५ मिग्रॅ.पेक्षा अधिक असल्यास तान्ह्या मुलांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता कमी होऊ शकते.

केडगाव व भीमा खोरे : केडगाव हे पुणे–दौंड लोहमार्गावरील स्थानक असून गूळ व कांदा यांची बाजारपेठ म्हणून ओळखले जाते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आणि नारायण महाराजांचे बेट यांमुळे गावाचे नाव दूरवर पोहोचले. पुणे–सोलापूर महामार्गावरील चौफुला हे वर्दळीचे ठिकाण जवळच आहे. हा प्रदेश पर्जन्यछायेत असून येथे पाऊस कमी व अनिश्चित पडतो. शेती प्रामुख्याने कालवे, नदी व विहिरी यांवर अवलंबून आहे. सखल भागात काळी माती, तिच्याखाली मुरूम व त्याखाली भेगाळ काळा पाषाण अशी जमिनीची रचना आढळते.

पुणे शहरातून येणारी मुळा-मुठा नदी शिरूर व दौंड तालुक्यांच्या सीमेवर रांजणगाव सांडस येथे भीमेस मिळते. पुढे भीमेचे पाणी दौंडवरून उजनीच्या जलाशयात जाते व सोलापूरसह अनेक गावांना ते प्यावे लागते. शहराचे सांडपाणी असे ग्रामीण भागाचे सिंचनाचे पाणी बनते. पुणे महानगरपालिकेने खडकवासला प्रकल्पातून जे वाढीव पाणी घ्यावयाचे, त्याच्या मोबदल्यात वर्षाला साडेसहा अब्ज घनफूट संस्कारित पाणी शेतीस परत द्यावे, असे ठरले. त्यासाठी मुंढवा येथे उपसा विहीर बांधून तेथून हे पाणी जुन्या मुठा उजव्या कालव्यात, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘बेबी कालव्यात’, सोडून हवेली व दौंड या तालुक्यांना देण्याची योजना करण्यात आली. पाण्याची राशी या योजनेने वाढते. पण नदीत मिसळलेले असंस्कारित पाणी त्याबरोबर आल्यास कालव्याखालील विहिरीही दूषित होतात. मुळा-मुठेच्या प्रदूषण निवारणासाठी जपानच्या अर्थसाहाय्याने ११ नवी केंद्रे (एकूण क्षमता दररोज ३९·६ कोटी लि.) उभारण्याच्या योजनेस २०१६ मध्ये केंद्र शासनाने मंजुरी दिली.

नदीकाठच्या लहान नगरांची भूमिका अशा रीतीने दुहेरी असते. वरच्या शहराचे पाणी त्यांच्या वाट्यास येते आणि त्यांचे स्वतःचे सांडपाणी ओढ्यावाटे खालच्या गावांकडे जाते. नळयोजनांमुळे या दुसऱ्या बाजूस महत्त्व आले आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लि. पाणी नळाने देण्याचे मान ठरविण्यात आले. घरात आलेल्या पाण्यापैकी सु. ६५ ते ८० टक्के पाणी सांडपाणी म्हणून बाहेर पडते. पाणीपुरवठा वाढवून निचऱ्याची सोय केली नाही, तर आड व कूपनलिका यांभोवतीच ते पाणी साचते.

मैलापाणी व मोरीचे पाणी : ग्रामीण संस्करणात पहिली पायरी म्हणजे या दोन प्रवाहांची फारकत होय. शौचकूपातील मैलापाणी आकारमानाने थोडे, परंतु रोगकारकांच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे असते. न्हाणी, स्वयंपाकघर व कपडे धुण्याचे पाणी, ज्याला धूसर पाणी असेही म्हणतात, आकारमानाने पुष्कळ व तुलनेने कमी दूषित असते. दोन्ही एकत्र केल्यास थोड्या मैल्यामुळे सर्वच पाणी धोकादायक होते व खर्चिक केंद्राची गरज निर्माण होते.

मैल्यासाठी दोन खड्ड्यांचे शौचकूप हा ग्रामीण भागास सर्वांत योग्य प्रकार समजला जातो. जाळीदार विटकामाचे दोन खड्डे आलटून पालटून वापरतात. साधारण कुटुंबास एक खड्डा भरण्यास सु. तीन वर्षे लागतात. तो भरल्यावर बंद करून दुसरा वापरात आणतात. दीड ते दोन वर्षांत पहिल्यातील मैल्याचे कोरडे व निर्गंध खत होते आणि ते निर्धास्तपणे काढता येते. खड्डा व विहीर यांत निदान १० मी. अंतर ठेवावे, असे सांगितले जाते. परंतु भेगाळ पाषाणात पाणी भेगांमधून वेगाने दूरवर जात असल्याने दख्खनच्या पठारावर याहून अधिक अंतर ठेवणे इष्ट असते.

सुबत्ता वाढल्यावर लोक पूतिकुंड बांधतात. व्यवहारात त्यास सेप्टिक टाकी म्हणतात. तीत मैलापाणी एक ते दोन दिवस राहते, गाळ तळाशी बसतो व अनॉक्सिजीवी (ऑक्सिजनाविना वाढणाऱ्या) जंतूंमुळे कुजतो. या टाकीत जै. ऑ. मा. केवळ ३० ते ५० टक्के कमी होते व रोगकारक पुष्कळसे टिकून राहतात. म्हणून तिचे पाणी शोषखड्ड्यातच सोडणे आवश्यक असते. ते उघड्या गटारात सोडण्याची सार्वत्रिक पद्धत ग्रामीण नगरांतील प्रदूषणाचे एक प्रमुख कारण आहे. गाळ दर दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. टाकीतील विषारी वायू व ऑक्सिजनाचा अभाव यांमुळे आत उतरणारा माणूस क्षणात बेशुद्ध पडून दगावतो. २०१३ च्या अधिनियमान्वये संरक्षक साधनांविना माणसास गटारात वा पूतिकुंडात उतरविणे हा गुन्हा आहे. उपसा यंत्राने करावयाचा व गाळ ओढ्यात न टाकता वाळवण वाफ्यांवर न्यावयाचा, ही जबाबदारी ग्रामपंचायतीची राहते.

संस्करणाच्या पद्धती : (१) शोषखड्डा : मोरीच्या पाण्यासाठी घराशेजारी सु. एक ते सव्वा मी. लांबी, रुंदी व खोलीचा खड्डा खणून तो खाली मोठे, वर लहान अशा दगडांनी भरतात. तोंडाशी वाळू व साबणाचा थर अडविणारे लहान भांडे ठेवतात. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी (ता. हिमायतनगर) या गावाने घरोघरी असे खड्डे करून उघडी गटारे बंद केली व डासांचा उपद्रव आटोक्यात आणला. पुढे २०१५–१६ च्या सुमारास रोजगार हमी योजनेतून ही पद्धत जिल्ह्यातील अनेक गावांत नेण्यात आली. मुरमाड जमिनीत शोषखड्डा उत्तम चालतो. चिकण काळ्या मातीत पाणी मुरत नाही. तेथे खड्डा मुरमापर्यंत नेणे वा अन्य पद्धत वापरणे भाग पडते. ज्या भागात कालव्यामुळे भूजलाची पातळी जमिनीलगत आली आहे, तेथे शोषखड्डे घेऊ नयेत.

(२) स्थिरीकरण तळी : दाट वस्तीतील व बाजारपेठेतील पाणी गटारांनी एकत्र आणून उथळ तळ्यांच्या मालिकेत सोडतात. पहिले तळे २·५ ते ५ मी. खोल असून त्यात गाळ बसतो व अनॉक्सिजीवी विघटन होते. दुसरे १ ते २ मी. खोल असते. त्यात सूर्यप्रकाशामुळे हिरवी शैवले वाढतात. ती ऑक्सिजन सोडतात व त्यावर जगणारे ऑक्सिजीवी (ऑक्सिजनाच्या सान्निध्यात वाढणारे) जंतू सेंद्रिय द्रव्ये खाऊन टाकतात. तिसऱ्या उथळ तळ्यात उन्हाने व कालावधीने रोगकारकांचा नाश होतो. पाणी आठ ते दहा दिवस स्थिर राहिल्यास जंतांची अंडी बव्हंशी तळाशी बसतात. या पद्धतीस वीज लागत नाही. जागा मात्र पुष्कळ लागते.

दहा हजार वस्तीचे नगर धरल्यास माणशी ५५ लि. पाण्यापैकी ८० टक्के, म्हणजे दररोज सु. ४·४ लाख लि. सांडपाणी निघेल. मैलापाणी वेगळे ठेवून उरलेल्या पाण्याचा भार माणशी दररोज २० ग्रॅ. जै. ऑ. मा. धरला, तर एकूण भार २०० किग्रॅ. होईल. केडगावच्या अक्षांशास शैवलयुक्त तळ्याचे एक हेक्टर क्षेत्र दररोज सु. २५० किग्रॅ. भार पेलू शकते. म्हणजेच ०·८ हे. (सु. दोन एकर) क्षेत्राचे तळे पुरेल. मैलापाणीही त्याच गटारात आल्यास भार माणशी ४५ ग्रॅ.पर्यंत चढतो व १·८ हे. जागा लागते. प्रवाहांची फारकत केल्याने जमिनीची निम्म्याहून अधिक बचत होते.

(३) वनस्पतियुक्त पाणथळ : सु. ०·६ मी. खोल खडीच्या वाफ्यात पाणकणीस, देवनळ, कर्दळ इ. वनस्पती लावून निवळलेले पाणी खडीच्या पृष्ठाखालून वाहू देतात. मुळांभोवतीचे सूक्ष्मजीव शुद्धीकरण करतात. पाणी उघड्यावर येत नसल्याने डास वा दुर्गंधी होत नाही. नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (स्थापना १९५८) ‘फायटोरिड’ या नावाने अशी पद्धत विकसित केली आहे. शाळा, वसतिगृहे, मंगल कार्यालये व आठवडे बाजार यांच्या पाण्यासाठी ती सोयीची आहे. वाफ्यात गाळ शिरून खडी तुंबणे हा तिचा मुख्य दोष असल्याने आधी निवळण टाकी असणे आवश्यक ठरते.

(४) यांत्रिक पद्धती : हवा खेळविण्याच्या केंद्रांना जागा थोडी पुरते व पाणीही चांगले शुद्ध होते, परंतु हवेचे पंप सतत चालू ठेवावे लागतात. कित्येक तास वीज नसल्यास ऑक्सिजीवी जंतू मरू लागतात व केंद्र पूर्ववत होण्यास बरेच दिवस जातात. वीजबिल व कुशल चालक यांची कायमची तरतूद असेल तेथेच ही पद्धत निवडावी.

पुनर्वापर : वरील उदाहरणातील नगराचे वर्षभराचे सांडपाणी सु. १·६ लाख घ. मी. होते. पाटपाण्यावरील उसाला हेक्टरी २० ते २५ हजार घ. मी. पाणी लागते, हे लक्षात घेता एवढ्या पाण्यावर फार तर सहा ते आठ हे. ऊस पोसेल, ठिबक सिंचन वापरल्यास क्षेत्र वाढेल. अवर्षणप्रवण प्रदेशात वर्षभर मिळणारा हा स्रोत लहान असला, तरी मोलाचा आहे. पाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस पिकास मिळत असल्याने रासायनिक खतांची मात्रा त्या मानाने कमी करावी लागते. तसे न केल्यास ऊस लोळतो व साखरेचा उतारा घटतो. क्षारांमुळे काळ्या जमिनी चोपण होण्याचा धोकाही असतो व त्यासाठी निचरा चांगला लागतो. कोथिंबीर, मुळा, काकडी यांसारखी कच्ची खाल्ली जाणारी पिके अपुऱ्या शुद्ध केलेल्या पाण्यावर घेऊ नयेत. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये अशा पिकांच्या पाण्यासाठी १०० मिलि.मध्ये एक हजारापेक्षा कमी मलजन्य जंतू व एका लिटरमध्ये कृमींचे एकापेक्षा अधिक अंडे नसावे, अशी मर्यादा सुचविली. चारा, ऊस, कापूस व वनवृक्ष यांना हे पाणी अधिक योग्य आहे.

कायदा व व्यवस्था : जलप्रदूषण निवारणाचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्राने १९६९ मध्येच केला आणि १९७० मध्ये राज्यात प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्रीय अधिनियम १९७४ मध्ये आला. गटारे व स्वच्छता ही कामे मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ (आताचा महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम) अन्वये ग्रामपंचायतीकडे आहेत. स्वच्छ भारत मिशनच्या २०२० मध्ये मंजूर झालेल्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्याबरोबर धूसर पाण्याच्या व्यवस्थापनाचाही समावेश करण्यात आला. त्यासाठी पाच हजारांपर्यंतच्या गावांना माणशी २८० रु. व त्याहून मोठ्या गावांना ६६० रु. अशी खर्चाची मर्यादा ठरविण्यात आली.

हा निधी बांधकामास उपयोगी पडतो. गाळ उपसणे, जाळ्या साफ करणे, तळ्याच्या बांधावरील गवत काढणे, विहिरींच्या पाण्याची वेळोवेळी तपासणी करणे या कामांना दरवर्षी पैसा व माणूस लागतो. संस्कारित पाणी शेतकऱ्यांना ठराविक दराने देऊन त्या उत्पन्नातून चालकाचा पगार भागविणे हा एक व्यवहार्य मार्ग आहे. पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यास त्याच्या शुद्धतेत प्रत्यक्ष हितसंबंध असल्याने देखरेखही आपोआप होते. भीमेसारख्या नदीच्या खोऱ्यात प्रत्येक गाव वरच्या गावाचे पाणी वापरते व खालच्या गावास पाणी देते. म्हणून एका लहान नगराने केलेल्या संस्करणाचा लाभ त्याच्या हद्दीत संपत नाही; तसेच त्याने केलेल्या हयगयीचा उपद्रवही हद्दीत थांबत नाही.